वैद्यकीय प्रवेशासाठी लागणारे पूर्वअट विषय ऑनलाइन करावेत का?

निशिगंध (न्यू जर्सी) यांचा प्रश्न

नमस्कार. पुण्यात संगणक अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर मी अमेरिकेत आले, इथे एम. एस. केले आणि गेली काही वर्षे एका विमा कंपनीत सॉफ्टवेअरचे काम करते आहे. मध्यंतरी ग्रीन कार्ड मिळाले, मुलगी शाळेत जाऊ लागली, आणि बारावीनंतर मागे पडलेला वैद्यकीय शिक्षणाचा विचार मी आणि माझ्या यजमानांनी आता गांभीर्याने हाती घेतला आहे. एम. डी. च्या प्रवेशासाठी जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र हे विषय प्रत्येकी एक वर्ष प्रयोगशाळेसह, आणि शिवाय जैवरसायनशास्त्र, संख्याशास्त्र व इंग्रजी, असे साधारणपणे मागितले जाते, एवढे मी वाचले आहे.

माझी अडचण वेळेची आहे. नोकरी सोडणे निदान पहिली दोन वर्षे शक्य नाही, आणि दिवसा कॉलेजात जाऊन बसणे त्याहून अशक्य आहे. काही मान्यताप्राप्त विद्यापीठे हे सर्व विषय ऑनलाइन शिकवतात आणि प्रयोगांसाठी साहित्याचा संच घरी पाठवतात, असे दिसते. असे विषय वैद्यकीय महाविद्यालये खरोखर ग्राह्य धरतात का? केवळ प्रयोगशाळा प्रत्यक्ष आणि व्याख्याने ऑनलाइन अशी विभागणी चालते का? बारावीला मला पीसीएमबी असे चारही विषय होते, आणि अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला भौतिक व रसायनशास्त्र होते. त्याचा काही उपयोग होतो का, हेही जाणून घ्यायचे आहे. ज्यांनी स्वतः ही वाट चालली आहे किंवा जवळून पाहिली आहे, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

निवासी यांचे उत्तर

मी नोकरी करता करता हे विषय पूर्ण केले, त्यानंतर एम. डी. ला प्रवेश घेतला आणि सध्या इंटर्नल मेडिसिनमध्ये रेसिडेन्सी करतो आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत.

बारावीचे विषय इथे हायस्कूलचे समजले जातात, त्यामुळे त्यांचा उपयोग नाही. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचे विषय पदवीचे असले तरी परदेशी आहेत. एम. डी. महाविद्यालयांचे बहुतेक अर्ज ज्या सामाईक व्यवस्थेतून जातात, ती अ‍ॅमकॅस परदेशी अंकपत्रांची पडताळणी करत नाही आणि त्यांतले गुण जीपीएमध्ये, म्हणजे 4 पैकी काढल्या जाणाऱ्या सरासरी श्रेणीत, धरत नाही. तुमचे एम. एस. चे गुण स्वतंत्रपणे, पदव्युत्तर जीपीए म्हणून दाखवले जातील. याचा अर्थ असा, की तुमचा अमेरिकेतला पदवीपातळीचा संपूर्ण जीपीए तुम्ही आता जे थोडे विषय घेणार आहात तेवढ्यांवरच उभा राहणार आहे. इथे वाढलेल्या विद्यार्थ्याच्या खात्यात सव्वाशे क्रेडिट (विषयाच्या भारानुसार मोजली जाणारी एकके) असतात आणि एखादा विषय बिघडला तरी तो त्यात झाकला जातो. तुमच्याकडे असतील सुमारे 38. बाकी सगळीकडे ए मिळवून चार क्रेडिटच्या एकाच विषयात सी आला, तर जीपीए 3.79 होतो, सेंद्रिय रसायनशास्त्राच्या दोन्ही सत्रांत सी आला, तर तो 3.58 वर येतो. म्हणून ऑनलाइन की प्रत्यक्ष हा प्रश्न पुढचा आहे. नोकरी आणि घर सांभाळून एका सत्रात किती विषय घेतले तर प्रत्येकात ए मिळवता येईल, हे आधी ठरवा, आणि ते उत्तर एक विषय असे आले तर एकच विषय घ्या.

आता ऑनलाइनविषयी. सर्व महाविद्यालयांना लागू होईल असा एकच नियम नाही, आणि जो कोणी ठामपणे ‘चालते’ किंवा ‘चालत नाही’ असे सांगेल त्याच्यावर विसंबू नका. 2020 मध्ये कोविडमुळे सगळेच वर्ग ऑनलाइन गेले, तेव्हा बहुतेक महाविद्यालयांनी त्या काळापुरती सवलत दिली. त्यानंतर काहींनी जुना नियम परत आणला, काहींनी व्याख्याने ऑनलाइन चालतील पण प्रयोगशाळा प्रत्यक्षच हवी असे ठरवले, आणि काहींनी दोन्हींना मुभा कायम ठेवली. एएएमसी या अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेची एमसार नावाची माहितीसूची आहे. तिची वार्षिक वर्गणी भरावी लागते, पण ती भरण्यासारखी आहे, कारण प्रत्येक महाविद्यालय ऑनलाइन विषय, कम्युनिटी कॉलेजचे (दोन वर्षांच्या स्थानिक महाविद्यालयाचे) विषय आणि प्रयोगशाळा यांबद्दल काय म्हणते ते तिथे एका ठिकाणी सापडते. त्यावरून पंधरा-वीस महाविद्यालयांची यादी करा, नंतर प्रत्येकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर नियम पुन्हा पाहा, आणि जिथे वाक्य संदिग्ध वाटेल तिथे प्रवेश कार्यालयाला ईमेल पाठवून उत्तर लेखी घ्या. तो ईमेल जपून ठेवा. माझ्या ओळखीच्या एका अर्जदाराला प्रवेश मिळाल्यानंतर, जून महिन्यात, भौतिकशास्त्राची घरी केलेली प्रयोगशाळा ग्राह्य नसल्याचे कळवण्यात आले, आणि वर्ग सुरू होण्याआधीच्या काही आठवड्यांत तिला ती उन्हाळी सत्रात पुन्हा करावी लागली. दूरध्वनीवर तिला आधी होकार मिळाला होता, पण त्याची कुठेही नोंद नव्हती.

परदेशी पदवीमुळे आणखी एक गोष्ट याच वेळी विचारून घ्यावी लागेल. काही महाविद्यालये अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या संस्थेत मिळवलेली किमान 90 क्रेडिट मागतात. काहींना इथली पदव्युत्तर पदवी पुरते. तुमची यादी ऑनलाइनच्या नियमापेक्षा या अटीमुळेच अधिक लहान होईल, असा माझा अंदाज आहे.

कोर्सेरा, ईडीएक्स यांच्यावरचे मोफत किंवा प्रमाणपत्राचे अभ्यासक्रम उजळणीसाठी उत्तम आहेत, पण ज्यांचे क्रेडिट विद्यापीठाच्या अंकपत्रावर येत नाही ते पूर्वअटीसाठी धरले जात नाहीत. खान अकॅडमीचे एमकॅट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठीचे व्हिडिओ मात्र अवश्य पाहा. मला त्यांचा फार उपयोग झाला.

दूरदेशी (टेक्सस) यांचे उत्तर

मी थोडा वेगळा विचार मांडतो. स्टॅनफर्डसारख्या, किंवा दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या केक स्कूलसारख्या काही महाविद्यालयांनी ठरावीक विषयांची सक्तीच काढून टाकली आहे. अर्जदाराची त्या विषयांत तयारी आहे की नाही, एवढेच ती पाहतात. मग इतक्या सत्रांचा खटाटोप आणि खर्च करण्यापेक्षा घरी नीट अभ्यास करून एमकॅटमध्ये चांगले गुण मिळवावेत आणि अशाच महाविद्यालयांत अर्ज करावा, हे अधिक शहाणपणाचे नाही का? नोकरी करणाऱ्या आईसाठी तर हाच मार्ग मला व्यवहार्य वाटतो.

निवासी

दूरदेशी, सक्ती काढली म्हणजे अपेक्षा गेली असे नाही. तीच महाविद्यालये कोणत्या विषयांची तयारी असावी हे शिफारस म्हणून सांगतात, आणि त्यांच्याकडे येणाऱ्या अर्जदारांपैकी जवळजवळ सर्वांनी ते विषय उत्तम गुणांनी केलेले असतात. निशिगंध यांच्यासारख्या अर्जदाराकडे इथल्या पदवीपातळीचा जीपीएच नसेल, तर प्रवेश समितीपुढे एमकॅटच्या आकड्याखेरीज शैक्षणिक पुरावा काय उरतो? एमकॅटचे गुण 472 ते 528 या पट्टीवर असतात आणि प्रवेश मिळालेल्यांची सरासरी 511 च्या आसपास असते. साडेसात तासांच्या त्या परीक्षेत जैवरसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र हे सगळे येते. वर्गात बसून शिकलेल्यांनाही ती सोपी जात नाही. शिवाय केवळ दोन-चार अतिशय चुरशीच्या महाविद्यालयांवर सगळा अर्ज टाकणे मला धोक्याचे वाटते.

रसायनशाळा यांचे उत्तर

मी एका कम्युनिटी कॉलेजात सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवते आणि कोविडच्या काळात तोच विषय प्रयोगशाळेसह पूर्णपणे ऑनलाइन शिकवला आहे, त्यामुळे दोन्हींतला फरक मला जवळून माहीत आहे.

ऑनलाइन व्याख्यानांना माझा अजिबात विरोध नाही. रासायनिक अभिक्रियेची यंत्रणा कशी कार्य करते, इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात, हे व्हिडिओवर थांबवून थांबवून पाहता येते, आणि नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांनी त्या पद्धतीने वर्गातल्या मुलांपेक्षा चांगला अभ्यास केल्याचे मी पाहिले आहे. अट एवढीच, की तो अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थेचा असावा, ठरलेल्या सत्रात चालणारा असावा, आणि त्याच्या परीक्षा देखरेखीखाली होणाऱ्या असाव्यात. आपल्या सवडीने कधीही सुरू करून कधीही संपवायचे असे जे अभ्यासक्रम असतात, त्यांत विद्यार्थी आणि शिक्षक यांची ओळख होण्याला फारसा वाव राहत नाही, आणि त्याचा फटका शिफारसपत्राच्या वेळी बसतो. बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांना विज्ञान शिकवणाऱ्या दोन प्राध्यापकांची पत्रे लागतात. जिच्याशी माझा संबंध केवळ गृहपाठ तपासण्यापुरता आला, तिच्याविषयी मी ‘उत्तम गुण मिळवले’ यापलीकडे काय लिहिणार? ते तर अंकपत्रावर आधीच लिहिलेले असते.

प्रयोगशाळेबद्दल मात्र माझे मत पक्के आहे. घरी येणाऱ्या संचात लहान डिजिटल वजनकाटा, प्लास्टिकची चंचुपात्रे, थोडे सौम्य आम्ल आणि अल्कली, निर्देशक आणि संरक्षक चष्मा असे साहित्य असते. त्यावर अनुमापन करता येते, आणि आपण अकरावी-बारावीच्या प्रात्यक्षिकांत ब्युरेट घेऊन फिकट गुलाबी रंगाची वाट पाहत ते केलेच आहे. पण सेंद्रिय रसायनशास्त्रातली द्रावके घरी पाठवता येत नाहीत, आणि पाठवूही नयेत. विभाजन नरसाळ्यात आम्ल विरघळलेले ईथर आणि सोडियम बायकार्बोनेटचे द्रावण एकत्र हलवताना आत कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि बुचावर दाब येतो. तेव्हा एका हाताने बूच घट्ट धरायचे, नरसाळे उलटे करायचे, नळीचे तोंड स्वतःपासून आणि शेजाऱ्यापासून दूर वळवायचे आणि तोटी हळूच उघडून वायू सोडायचा. पहिल्यांदा तो फुस्स आवाज आला की विद्यार्थी दचकतो, तिसऱ्यांदा त्याचा हात आपोआप बरोबर वळतो. ऑनलाइन वर्गात मी हे कॅमेऱ्यासमोर करून दाखवले, मुलांनी आलेली आकडेवारी घेऊन अहवालही छान लिहिले, पण पुढच्या वर्षी तीच मुले प्रयोगशाळेत आली तेव्हा नरसाळे हातात धरायला शिकवण्यापासून सुरुवात करावी लागली. प्रवेश समित्या प्रत्यक्ष प्रयोगशाळेचा आग्रह धरतात, त्यामागे केवळ जुन्या पद्धतीची ओढ आहे असे मला वाटत नाही.

म्हणून निशिगंध, आपण विचारलेली विभागणी, म्हणजे व्याख्याने ऑनलाइन आणि प्रयोगशाळा प्रत्यक्ष, हाच आपल्या परिस्थितीत सर्वांत चांगला मार्ग आहे, असे मी म्हणेन. अनेक काउंटी कॉलेजांत, म्हणजे आपल्याकडच्या कम्युनिटी कॉलेजांत, प्रयोगशाळा आठवड्यातून एकदा, संध्याकाळी किंवा शनिवारी असते. तिथे आपल्याला शिक्षक भेटतात, बाकावर शेजारी उभे राहून काम करणारे सहाध्यायी भेटतात, आणि वर्षाच्या शेवटी आपल्याविषयी चार ठोस वाक्ये लिहू शकेल अशी एक व्यक्ती तयार होते. काही महाविद्यालये कम्युनिटी कॉलेजपेक्षा चार वर्षांच्या विद्यापीठातले विषय पसंत करतात, हे खरे आहे. सगळे विषय एकाच ठिकाणी न करता सुरुवातीचे काउंटी कॉलेजात आणि जैवरसायनशास्त्रासारखे वरचे विषय विद्यापीठात केले, तर त्या शंकेलाही उत्तर मिळते.

निशिगंध

आपणा सर्वांचे मनापासून आभार. परदेशी गुण मोजले जाणार नाहीत हे मी कुठेतरी वाचले होते, पण त्यामुळे या थोड्या क्रेडिटचे वजन इतके वाढते हे लक्षात आले नव्हते. आमच्या काउंटी कॉलेजचे वेळापत्रक काल रात्री पाहिले; सामान्य रसायनशास्त्राची व्याख्याने ऑनलाइन आणि प्रयोगशाळा मंगळवारी संध्याकाळी, अशी तुकडी तिथे आहे.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. जीवशास्त्रापासून सुरुवात करावी की रसायनशास्त्रापासून? आणि या सर्व खर्चाची तजवीज इतरांनी कशी केली?

हिशेबनीस यांचे उत्तर

खर्चाविषयी लिहितो. काउंटी कॉलेजात त्याच काउंटीच्या रहिवाशांना शुल्क कमी असते, त्यामुळे नोंदणीच्या वेळी पत्त्याचा पुरावा बरोबर ठेवा. मालकाने शिक्षणासाठी दिलेली वर्षाला 5,250 डॉलरपर्यंतची मदत करमुक्त असते. तुमच्या कंपनीत अशी योजना आहे का आणि नोकरीशी संबंध नसलेले विषय त्यात बसतात का, हे मनुष्यबळ विभागाला विचारा. करकायद्यात विषय नोकरीशी संबंधित असण्याची अट नाही, पण कंपनीची स्वतःची अट असू शकते.

पुढच्या, म्हणजे प्रत्यक्ष वैद्यकीय शिक्षणाच्या खर्चाचा हिशेब आत्ताच मांडा, कारण नियम बदलले आहेत. 1 जुलै 2026 पासून नव्या कर्जदारांसाठी केंद्र सरकारचे ग्रॅड प्लस कर्ज बंद होते, आणि वैद्यकीयसारख्या व्यावसायिक शिक्षणासाठी केंद्राच्या कर्जाची मर्यादा वर्षाला 50,000 आणि एकूण 2,00,000 डॉलर अशी ठरली आहे. अनेक खासगी महाविद्यालयांत चार वर्षांचा एकूण खर्च याच्या बराच वर जातो. त्यामुळे न्यू जर्सीतल्या सरकारी महाविद्यालयांना तुमच्या यादीत पहिले स्थान असावे, आणि त्यांचे ऑनलाइनविषयीचे नियम तुम्ही सर्वांत आधी तपासावेत.

ही चर्चा वाचणाऱ्या इतरांसाठी दोन वाक्ये. एच-4 वर (एच-1बी धारकाच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) असलेल्यांना हे विषय शिकता येतात, पण केंद्राचे कर्ज मिळत नाही आणि बरीच सरकारी महाविद्यालये ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व नसलेल्यांचे अर्ज घेत नाहीत. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावरच्या विद्यार्थ्यांना पूर्णवेळ भारामध्ये एका सत्रात केवळ एकच ऑनलाइन विषय धरता येतो, त्यामुळे त्यांच्यासाठी वरची पुष्कळशी चर्चा लागू होत नाही.

रसायनशाळा

रसायनशास्त्रापासूनच सुरुवात करा. सामान्य रसायनशास्त्राची दोन सत्रे, मग सेंद्रियची दोन, आणि त्यानंतर जैवरसायनशास्त्र, ही साखळी मोडता येत नाही. एका सत्रात एक पायरी धरली तरी अडीच वर्षे त्यातच जातात. जीवशास्त्र, भौतिकशास्त्र आणि संख्याशास्त्र त्या साखळीच्या शेजारी, जिथे जागा होईल तिथे बसवता येतात. संख्याशास्त्राला प्रयोगशाळा नसते, त्यामुळे ते पूर्णपणे ऑनलाइन करायला हरकत नाही, आणि इंग्रजीचेही तसेच.

सामान्य रसायनशास्त्राला नाव घालण्याआधी कॉलेज गणिताची पूर्वतयारी विचारेल. आपल्या पुण्याच्या अंकपत्रांचे मूल्यांकन डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून करून घेतले असेल, तर ते दाखवा. बहुतेक ठिकाणी त्यावरून गणिताची पातळी ठरवणारी परीक्षा माफ होते. डी. ओ. (ऑस्टिओपॅथिक वैद्यक, एम. डी. ला समकक्ष पदवी) महाविद्यालयांचा विचार करणार असाल, तर त्यांच्या अ‍ॅकोमास या स्वतंत्र अर्जव्यवस्थेतही असे मूल्यांकन जोडता येते, म्हणून विषयवार मूल्यांकनच मागवा.

निवासी

वरच्या क्रमाशी मी सहमत आहे. त्यात एक भर घालतो: एमकॅट जैवरसायनशास्त्राच्या सत्रानंतर लगेच, म्हणजे वसंत ऋतूत द्या. अ‍ॅमकॅसचा अर्ज मे महिन्याच्या सुरुवातीला भरण्यासाठी खुला होतो आणि मेअखेरीस किंवा जूनच्या आरंभी दाखल करता येतो. जितका लवकर दाखल होईल तितकी पडताळणी लवकर होते, आणि पूरक निबंधांची पत्रे जुलैमध्ये यायला लागतात. एखादा विषय तेव्हा शिल्लक असला तरी चालते, तो प्रत्यक्ष प्रवेशाआधी पूर्ण व्हावा लागतो. आणि ऑनलाइन व्याख्यानांमुळे जो वेळ वाचेल, त्यातले आठवड्याचे तीन-चार तास पहिल्याच सत्रापासून एखाद्या रुग्णालयात किंवा मोफत दवाखान्यात स्वयंसेवेसाठी ठेवा. हे काम शेवटच्या वर्षी घाईने करून भरून निघत नाही, आणि रुग्णांसोबत दिवस घालवणे आपल्याला खरेच मानवते का, हे तुम्हाला तिथेच कळेल.

निशिगंध

मंगळवारच्या तुकडीसाठी आज अर्ज भरला. न्यू जर्सीतल्या महाविद्यालयांच्या प्रवेश कार्यालयांना ऑनलाइन व्याख्याने, प्रत्यक्ष प्रयोगशाळा आणि परदेशी पदवी या तिन्हींविषयी एकत्र विचारणारा ईमेल तयार केला आहे. उत्तरे आली की, महाविद्यालयांची नावे घालून, इथेच लिहीन, म्हणजे याच परिस्थितीतल्या इतर कोणाला पुन्हा शून्यापासून विचारावे लागणार नाही. डब्ल्यूईएसचे मूल्यांकन एम. एस. च्या वेळी केले होते, पण ते केवळ एकूण पदवीचे आहे, विषयवार नाही. ते नव्याने मागवताना विद्यापीठाकडून अंकपत्रे पुन्हा बंद पाकिटात घ्यावी लागतात की आधी पाठवलेली चालतात, हे कोणाला ठाऊक असल्यास कृपया सांगावे.